नाचणीच्या रानातल्या भावंडांसाठी: पैदासकारांना आणि जनुकपेढ्यांना खुले पत्र

प्रति,
नाचणीवर काम करणारे पीक-पैदासकार, जनुकपेढ्या, म्हणजे बियाण्यांच्या नमुन्यांचे साठे, सांभाळणारे शास्त्रज्ञ आणि या कामाला निधी मंजूर करणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ज्या संशोधन केंद्रात काम करत होते तिथे एका पावसाळ्यात रानटी नाचणीच्या चौदा ओळी लावल्या होत्या. पूर्व आफ्रिकेतून फार पूर्वी आलेले नमुने होते ते. पाकिटांतले बी जुने झाले होते, उगवण वर्षागणिक घसरत होती, म्हणून ताजे बी धरायचे ठरले. मी दोन दिवस रजेवर गेले. परत येऊन बांधावर उभी राहिले तर चौदातल्या नऊ ओळी जागेवर नव्हत्या. निंदणीला आलेल्या बायकांनी अगदी मन लावून काम केले होते. उपटलेल्या रोपांचे ढीग बांधालगत नीट रचलेले, मुळांची माती झटकलेली, पाने मान टाकून पडलेली. काही रोपे मी पुन्हा लावून पाहिली. चार जगली, पण ती कोणत्या ओळीतली हे कुणालाच सांगता येईना.

बायकांचा दोष नव्हता. ओळींना पाटी नव्हती, मुकादमाला कुणी कल्पना दिली नव्हती, आणि जे गवत उपटायला त्या लहानपणापासून शिकल्या तेच त्यांनी उपटले. नऊपैकी दोन नमुन्यांचे सगळे बी त्याच पेरणीत संपले होते. नोंदवहीत त्या दोन क्रमांकांपुढे लाल शाईने ‘नष्ट’ असे लिहावे लागले, ते मीच लिहिले.

संशोधन सहायक म्हणून एकतीस वर्षे नाचणीच्या संकराचे काम केले, आता निवृत्त आहे. माझे मागणे एकच आहे. नाचणीचे रानटी नातलग गोळा करणे, ते शुद्ध स्वरूपात जपणे आणि संकरात वापरणे हे काम तुम्ही यादीच्या तळातून उचलून वर आणा. तुमच्यापैकी अनेकांना पुढचा तपशील माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण हे पत्र उघडे आहे, ते इतरही वाचतील, म्हणून सगळे सांगते.

आपण पिकवतो ती नाचणी आणि आफ्रिकेच्या रानात उगवणारी नाचणी या एकाच जातीच्या दोन उपजाती आहेत. शास्त्रीय नावात पिकातली ‘कोराकाना’ आणि रानातली ‘आफ्रिकाना’. दोघींच्या पेशीत ३६ गुणसूत्रे. दोघींचा संकर सहज जमतो आणि त्याची पुढची पिढी दाणे धरते. फरक आहे तो मुख्यतः कणसात. रानटीची बोटे बारीक, लांब, सुटी सुटी, आणि दाणे पिकले की कणिशके, म्हणजे बोटावरचे दाण्यांचे बारके झुपके, सांध्यावर तुटून जमिनीवर पडतात. पिकातल्या नाचणीची बोटे भरदार, आणि दाणा कापणीपर्यंत जागच्या जागी. कधीकाळी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखात, इथिओपियापासून युगांडापर्यंतच्या पट्ट्यात, कुणीतरी न झडणारी कणसे वेगळी काढली, पुढच्या वर्षी तीच पेरली, आणि असे पिढ्यान्‌पिढ्या करत राहिले. आपल्या हातातले पीक ही त्या निवडीची मिळकत आहे.

नाचणी मूळची भारतातली, असे बराच काळ मानले जात होते. एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांचे मत तसेच होते. मग १९५७ मध्ये केनेडी-ओबर्न यांनी आफ्रिकेतल्या रानटी रूपाला स्वतंत्र नाव दिले, पुढे गुणसूत्रे मोजली गेली, संकर करून पाहिले गेले, आणि १९७६ मध्ये हिलू आणि द वेट यांनी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशाची बाजू पक्की केली. दक्षिण भारतात नाचणी आली ती सुमारे ३,००० वर्षांपूर्वी. येताना पीक आले. रानटी ‘आफ्रिकाना’ मात्र मागेच राहिली. माझा सगळा आग्रह याच गोष्टीवर उभा आहे, पण त्याआधी गुणसूत्रांचा हिशेब सांगते.

नाचणी चतुर्गुणित आहे. म्हणजे दोन वेगळ्या गवतांचे पूर्ण जनुकसंच तिच्यात एकत्र नांदतात. त्यांना आपण ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतो, प्रत्येकी नऊ जोड्या, एकूण अठरा. पेशी विभागताना ‘अ’चे गुणसूत्र ‘अ’शीच जुळते आणि ‘ब’चे ‘ब’शी, त्यामुळे गुण पुढच्या पिढीत शिस्तीने उतरतात आणि पैदासकाराला हिशेब मांडता येतो. ‘अ’ संच कुणाचा, हे माहीत आहे. शेताच्या बांधावर, अंगणात, फरशीच्या फटीत उगवणारे ते चिवट गवत, ‘एल्युसिने इंडिका’, किंवा त्याचा अगदी जवळचा पूर्वज. त्याची गुणसूत्रे १८. हरितलवकातला वारसा आईकडून येतो, आणि तो तपासल्यावर मातृवंश या गवताचाच निघाला.

‘ब’ संच कुणाचा, याचे उत्तर आजही मिळालेले नाही. एकेकाळी ‘एल्युसिने फ्लोकिफोलिया’ या गवताकडे बोट दाखवले गेले, नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी ते खोडून काढले. ‘एल्युसिने’मधल्याच ‘जेगेरी’ या गवताची गुणसूत्रे २०, ‘मल्टिफ्लोरा’ची १६, नऊच्या हिशेबात ती बसतच नाहीत. २०२३ मध्ये नाचणीचा गुणसूत्रांच्या पातळीवरचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हाही ‘ब’चा दाता अनोळखीच राहिला. बहुतेक अभ्यासकांना वाटते की ते गवत पृथ्वीवरून नाहीसे झाले असावे. मला वाटते, शोध थांबवण्याइतका पुरावा अजून नाही. पण ते खरोखरच नाहीसे झाले असेल, तर त्याच्या गुणांपैकी जे काही आज जिवंत आहे ते नाचणीत आणि तिच्या रानटी चतुर्गुणित बहिणींमध्येच आहे. मूळ गवताकडे परत जायची वाट उरलेली नाही. ‘आफ्रिकाना’चा एकेक नमुना मी इतका का जपायला सांगते, ते यावरून लक्षात यावे.

आता फुलाविषयी. ज्यांनी नाचणीचे फूल भिंगाखाली उघडलेले नाही त्यांना या पिकाची अडचण कळणे अवघड जाते. एका बोटावर दोन रांगांत कणिशके, एकेका कणिशकात चार ते सात फुले. फुलात तीन परागकोश, एकेक मिलिमीटरभरही लांब नाही, आणि मधोमध पिसासारखी दुभंगलेली कुक्षी. बोटावर फुलायला सुरुवात होते ती शेंड्याकडून, आणि खालपर्यंत पोहोचायला आठ-दहा दिवस लागतात. कणिशकात मात्र फुले तळाकडून वर उमलतात, दिवसाला एखादेच. आणि उमलण्याची वेळ म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर ते पहाटेपर्यंत. परागकोश फुटतात ते स्वतःच्याच कुक्षीला खेटून. आपण सकाळी शेतात पोहोचतो तोवर सगळे आटोपलेले असते. नाचणीत परपरागीभवन जेमतेम एक टक्का, ते याचमुळे.

संकर करायचा तर परागकोश फुटण्याआधी काढायला हवेत. मी पहाटे तीनला कंदील आणि नंतरच्या काळात कपाळावरचा दिवा लावून, टोकदार चिमट्याने हे काम केले आहे. हात किंचित थरथरला की कुक्षी गेली. एका रात्रीत चाळीस-पन्नास फुले झाली तर ती रात्र चांगली म्हणायची, आणि त्यातून हाती येणार एखाद-दुसरा डझन दाणे. हजार दाण्यांचे वजनच अडीच-तीन ग्रॅम, म्हणजे सगळ्या रात्रीची कमाई नखावर मावेल एवढी. म्हणून दुसरे उपाय निघाले. कणीस पन्नास अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात काही मिनिटे बुडवायचे, परागकण मरतात, कुक्षी तगते. कणसावर प्लास्टिकची पिशवी चढवून आत दमटपणा कोंडायचा, परागकोश फुटायला उशीर होतो. किंवा सरळ दोन वाणांची कणसे फुलण्याआधी एकमेकांना बांधून एकाच पिशवीत ठेवायची आणि त्या एक टक्क्यावर भरवसा टाकायचा.

या शेवटच्या रीतीत संकर झाला की नाही हे ओळखायचे कसे? आई हिरव्या खोडाची घ्यायची आणि बाप जांभळट पेरांचा. जांभळा रंग प्रभावी असतो. पुढच्या पावसाळ्यात आईचे बी पेरले की शेकडो हिरव्या रोपांत एखादे जांभळी झाक असलेले रोप दिसते. रोपवाटिकेत ओणवे होऊन ते शोधायचे. सापडले की त्याच्या शेजारी काडी रोवायची. तो आनंद मला कधी शिळा झाला नाही. १९९७ मध्ये नरवंध्य, म्हणजे कामाचे पराग न धरणाऱ्या, नाचणीचा एक वाण नोंदवला गेला, त्याने काही ठिकाणी काम सोपे केले. तरी बहुतेक संकर आजही चिमट्याने, गरम पाण्याने आणि डोळ्यांनीच होतात.

एवढ्या सगळ्याला पुरून उरला तो माणूस म्हणजे कर्नाटकातल्या मंड्याचे पैदासकार लक्ष्मणय्या. भारतीय नाचणी आणि आफ्रिकी नाचणी यांचा संकर करून त्यांनी वाणांची एक मालिकाच उभी केली. तिचे नाव ‘इंडाफ’, इंडियातले ‘इंड’ आणि आफ्रिकेतले ‘आफ’. कर्नाटकात नाचणीचे उत्पादन त्यानंतर कुठल्या कुठे गेले. पुढे १९९८ मध्ये आलेला ‘जीपीयू २८’ हा करप्याला, म्हणजे बुरशीच्या रोगाला, दाद न देणारा वाणही ‘इंडाफ ५’च्याच पोटचा.

हे का साधले, याचा विचार केला की मला त्या तीन हजार वर्षांची आठवण येते. स्वतःच्याच परागावर जगणारे पीक समुद्र ओलांडून आले. सोबत आले ते मूठभर बी, आफ्रिकेतल्या सगळ्या विविधतेचा एक लहानसा वाटा. आफ्रिकेत शेजारच्या रानातली ‘आफ्रिकाना’ अधूनमधून पिकात मिसळत राहिली, शेतात मधल्या रूपाची, तणासारखी झाडे उगवत राहिली, जनुकांची देवघेव चालू राहिली. भारतात असा शेजार नव्हता. इथे होते ते बांधावरचे ‘इंडिका’, पण १८ आणि ३६चा मेळ बसत नाही. चुकून जमलाच तर २७ गुणसूत्रांचे, वांझ रोप. भारतीय नाचणी अशी बंद खोलीत वाढली, आणि आफ्रिकी नाचणी उघड्या अंगणात. लक्ष्मणय्यांनी तीन हजार वर्षे बंद असलेले ते दार चिमट्याने उघडले. डीएनएमधल्या रेणवीय खुणांनी दोन्हीकडचे नमुने तपासले तेव्हा आफ्रिकी आणि आशियाई असे गट वेगळे पडले, ते पुष्कळ नंतर.

पण लक्षात घ्या, त्यांनी पिकातली आफ्रिकी नाचणी वापरली. तिच्याही मागचे, रानटी ‘आफ्रिकाना’चे दार आपण अजून नीट उघडलेलेच नाही.

पतानचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेच्या जनुकपेढीने ५,९४० नमुन्यांमधून, सगळ्या विविधतेचे प्रतिनिधित्व करील असा, ६२२ नमुन्यांचा गाभा-संच निवडला, मग त्यातून ८० नमुन्यांचा छोटा संच. ते काम उत्तम आहे, मी त्यातले नमुने हाताळले आहेत. माझी तक्रार अशी की जगभरच्या पेढ्यांतले बहुतांश नाचणीचे नमुने पिकातले आहेत, रानटी त्यांत अगदी थोडे. त्या थोड्यांचीही माहिती तुटपुंजी. कुठल्या उंचीवर मिळाला, कुठल्या मातीत, शेताच्या बांधावर की माणसाच्या वाटेपासून दूर, हे रकाने मी कितीदा रिकामे पाहिले आहेत. पिकाच्या नमुन्याला वाणाचे गावठी नाव तरी असते. रानटीला कुणी नाव देत नाही, म्हणून गोळा करणाऱ्याने लिहिले तेवढेच त्याच्याबद्दल उरते.

दुसरी गोष्ट जपणुकीची. रानटी नमुन्याचे बी ताजे करणे हे पिकाच्या नमुन्यासारखे काम नाही, आणि निधीच्या तक्त्यात मात्र दोघांना एकच दर लावलेला असतो. रानटीची कणिशके पिकतील तशी झडतात. त्यामुळे फुलोरा संपताच प्रत्येक कणसाला पिशवी बांधावी लागते आणि एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. शेजारी पिकाची ओळ असेल तर तो एक टक्का इथे घात करतो. एका झाडावर हजारो दाणे, त्यातला एक टक्का म्हणजे पाकिटात शिरलेले डझनावारी संकरित दाणे. दोन-तीन वेळा असे झाले की ‘रानटी’ लिहिलेल्या पाकिटातून अर्धवट पिकासारखी झाडे उगवतात. मी ती उगवलेली पाहिली आहेत. त्यामुळे अंतर ठेवून लावणी, पिशव्या, पाट्या, आणि निंदणी करणाऱ्यांना शेतात नेऊन प्रत्यक्ष दाखवणे, या चारही गोष्टींना वेगळा पैसा लागतो. शेवटच्या गोष्टीला तर पैसाही फार लागत नाही.

त्या घटनेनंतर मी निंदणीच्या टोळीतल्या सगळ्यांत वयस्कर बाईंना रोपवाटिकेत घेऊन गेले. तिन्ही रोपे शेजारी शेजारी ठेवली, पिकातली नाचणी, आफ्रिकेतली रानटी आणि बांधावरचे गवत. त्या उकिडव्या बसल्या, बुंधे बोटांनी दाबून पाहिले, बांधावरच्या गवताचा चपटा, पांढुरका बुंधा लगेच बाजूला काढला. उरलेल्या दोघींकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, “बाई, या बहिणी दिसतात. ही थोरली, ही धाकटी.” थोरली म्हणून त्यांनी दाखवले ते रानटीचे रोप होते. त्यानंतर माझ्या प्रयोगाच्या ओळींत निंदणी त्यांच्या देखरेखीखाली झाली, आणि एकही ओळ गेली नाही.

आक्षेप मला माहीत आहेत. रानटीशी संकर केला की झडणारे दाणे, बारीक कणीस आणि उशिरा पक्वता मागोमाग येतात, आणि ती झटकायला पाच-सहा वेळा उलटसंकर, म्हणजे संकरित रोपाचा पुन्हा पिकाशीच संकर, करावा लागतो. चिमट्याने प्रत्येक संकर करायचा तर हे दहा-बारा वर्षांचे काम. तीन वर्षांच्या प्रकल्पात ते मावत नाही, हे खरे. म्हणूनच ते एकेका पैदासकाराच्या उत्साहावर सोडता येणार नाही, संस्थांनीच उचलायला हवे. आता जनुकसंच वाचलेला आहे, रोपावस्थेतच खुणा तपासून नको ती झाडे वगळता येतात. माझ्या तरुणपणी ही सोय असती तर मी किती पहाटा वाचवल्या असत्या!

दुसरा आक्षेप करप्याचा. बांधावरच्या ‘एल्युसिने’ गवतावरही करप्याची बुरशी पोसते, मग नातलग जपायचे म्हणजे रोग जपायचा का, असे मला एका बैठकीत विचारले गेले. शेताच्या बांधावर ते गवत राखा असे मी म्हणतच नाही. शेतकऱ्याने ते जरूर उपटावे. पण पेढीतल्या थंड खोलीत आणि त्याच्या मूळ रानात ते राहायला हवे. बुरशी आणि ही गवते शेजारी राहत आली आहेत, तेव्हा त्या बुरशीशी झुंजायचे गुणही तिथेच शोधायला हवेत. नाचणीच्या करप्याची बुरशी भाताच्या करप्याच्या कुळातली, आणि त्याच कुळातल्या एका शाखेने १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये गहू गाठला, २०१६ मध्ये बांगलादेशात. या बुरशीला घर बदलायला वेळ लागत नाही.

हद्दींचा प्रश्नही पुढे येतो. ‘आफ्रिकाना’ केनिया, युगांडा, इथिओपिया, टांझानियाच्या रानात आहे, ती तिथल्या लोकांची आहे. वनस्पती जननद्रव्यावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, जो २००४ पासून अमलात आहे, नाचणीसमोर ‘एल्युसिने’ ही संपूर्ण प्रजाती, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या जाती, लिहिलेली आहे. म्हणजे देवघेवीला वाट आहे. त्या वाटेने जाताना तिथल्या संशोधकांना केवळ नमुने गोळा करून देणारे मदतनीस समजू नका. गोळा करणे, नोंदी, संकर, वाण आणि श्रेय, सगळ्यात ते बरोबरीचे भागीदार असू द्या. जपणूकही सगळ्यात आधी त्या रानातच व्हावी. पेढीतले पाकीट म्हणजे एका दिवशी तोडलेले कणीस. रानातली झाडे दर पावसाळ्यात बदलत्या हवेशी नव्याने झगडत असतात.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले. सभा झाल्या, प्रदर्शने झाली, नाचणीचे नाव लोकांच्या तोंडी आले, मला फार बरे वाटले. त्या सगळ्या प्रदर्शनांत मी रानटी नाचणीचे एक कणीस तरी दिसते का ते शोधत होते. दिसले नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढे विषय घ्या. आपल्या पेढीत ‘आफ्रिकाना’चे नमुने किती, त्यांतल्या किती पाकिटांची उगवण गेल्या दहा वर्षांत तपासली, आणि किती नमुन्यांचे बी एका पेरणीपुरतेच उरले आहे, याची यादी करून ती सर्वांसाठी खुली ठेवा. एका पेरणीपुरते उरलेले बी कधीही सगळेच्या सगळे शेतात टाकू नका, अर्धे मागे ठेवा. हा नियम आमच्या केंद्रात तेव्हा नव्हता.

माझ्या संकरांच्या अकरा वह्या माझ्याकडे आहेत. कोणत्या रानटी नमुन्याशी कोणता वाण जुळला, किती फुले खुडली, किती दाणे धरले, कुठे काहीच हाती लागले नाही, सगळे तारखेनिशी लिहिलेले आहे. ज्या पेढीला किंवा पैदासकाराला हव्या असतील त्यांनी कळवावे, मी स्वतः घेऊन येईन आणि अक्षर लागत नसेल तिथे वाचून दाखवीन.

आपली,
नाचणी संकर विभागातील एक निवृत्त संशोधन सहायक